नदीचं काम कुठून सुरू करायचं? येरळा-कृष्णेच्या काठावर जागा निवडण्याची पद्धत

२०१८ च्या जुलैत आम्ही सांगलीजवळ कृष्णेच्या काठावर तीनशे रोपं लावली. करंज, जांभूळ, उंबर, थोडा बांबू. खड्डे नीट घेतले, भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या, उन्हाळाभर टँकरनं पाणी घातलं. ही जागा निवडायची कारणं दोनच होती. गाडी थेट काठापर्यंत जायची आणि फोटोत पूल यायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. गंमत म्हणजे निम्मी रोपं त्या पुरातही टिकली. पाणी उतरल्यावर चौथ्या दिवशी काठच खाली बसला, रोपांसकट.

नदीकाठच्या शेतकऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. पूर चढताना काठ सहसा ढासळत नाही, उतरताना ढासळतो. आठवडाभर पाणी पिऊन माती जड झालेली असते. बाहेरून तिला रेटून धरणारं पाणी झपाट्यानं खाली जातं आणि उभा काठ आपल्याच वजनानं सुटतो. त्यातून पायथा आधीच पोखरलेला असेल तर प्रश्नच नाही. तिथं झाडांआधी पायथ्याचं काम हवं होतं आणि ते आमच्या ऐपतीबाहेरचं होतं. म्हणजे ती जागा आमच्या गटासाठी नव्हतीच.

त्यानंतर काम करण्याआधी जागा निवडण्यावर आम्ही जास्त वेळ घालवू लागलो. ही पद्धत त्यातूनच तयार झाली. चार-दोन गावांचा गट, हायस्कूलची मुलं, एखादी ग्रामपंचायत, थोडे पैसे आणि भाड्याचा एखादा जेसीबी एवढं बळ असणाऱ्यांसाठी ती आहे.

त्रास नक्की कशाचा, ते आधी ठरवा

सांगलीत नदी म्हटलं की पूर आठवतो. वडूज-विट्याकडे वाळू आणि विहिरी आठवतात. वाळवा-पलूसकडे कुणी मेलेल्या माशांचं बोलेल, कुणी क्षारपड जमिनीचं. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि माण-आटपाडीत जेमतेम पाचशेच्या आसपास. ही दोन्ही पाणी शेवटी कृष्णेच्याच खोऱ्यातली असली तरी दोन्हीकडचं दुखणं एक नाही.

म्हणून पहिल्या बैठकीत एकच वाक्य लिहा. ‘मे महिन्यात आमच्या डोहात पाणी राहावं,’ किंवा ‘जॅकवेलपाशी (नळाचं पाणी उचलायच्या विहिरीपाशी) वास यायचा थांबावा.’ ‘नदी स्वच्छ, सुंदर करणे’ असलं वाक्य बॅनरला ठीक आहे, त्यावरून जागा ठरत नाही. बैठकीत दोन वाक्यांवर भांडण झालं तर दोन याद्या करा. पुरासाठी निवडलेली जागा आणि माशांसाठी निवडलेली जागा एकच निघेल अशी आशा धरू नका.

नदीचे टप्पे पाडा

अख्खी नदी कुणाच्याच हातात मावत नाही. येरळेचंच घ्या. खटाव तालुक्यात उगम, पुसेगाव-वडूजवरून खाली खानापूर, कडेगाव, तासगाव, पलूसच्या शिवारांतून ब्रह्मनाळला ती कृष्णेला मिळते. या सव्वाशेच्या आसपास किलोमीटरमध्ये नदी किती तरी वेळा स्वभाव बदलते. नेर तलावाच्या वर ती डोंगरातून उतरणारा ओढा आहे. नेर ते येरळवाडी ही धरणांमधली नदी. येरळवाडीच्या खाली रुंद वाळूचं पात्र, म्हणजे एके काळी वाळूचं होतं, आता बऱ्याच ठिकाणी मुरूम आणि वेडी बाभूळ. अगदी शेवटी, कृष्णेला पूर आला की पाणी उलटं आत चढतं तो भाग.

जिथं नदी वेगळं वागायला लागते तिथं रेघ मारा. मोठा ओढा मिळतो ती जागा, धरण किंवा के.टी. (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा, उतार बदलतो ती जागा, गावाचं सांडपाणी येतं ती जागा. दोन ते पाच किलोमीटरचा एक टप्पा चालण्याच्या दृष्टीनं सोयीचा. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं बघता येतात. २००५-०६ च्या सुमाराचं आणि आत्ताचं शेजारी ठेवून बघा, काठावरच्या झाडांचा पट्टा कुठं तुटला ते अर्ध्या तासात कळतं. गाव नकाशा भूमी अभिलेखकडून घ्या. नदीच्या पात्राची जुनी हद्द त्यावर असते, आणि ऊस त्या हद्दीच्या किती आत आलाय हे कुणाशी वाद न घालता दिसतं.

एक सावधगिरी. येरळा, अग्रणी, माणगंगा यांच्यात उन्हाळ्यात पाणी दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, सुटलं की या नद्या वाहतात. ते पाणी पंपानं वर चढवलेलं आहे. नोंद करताना ‘वाहतं’ असं लिहिलंत तर पुढं ‘आवर्तनाचं’ की ‘झऱ्याचं’ हेही लिहा.

चाला. दोनदा चाला.

या कामाला दुसरा पर्याय नाही. एकदा एप्रिल-मेमध्ये, नदी सगळ्यात गरीब असताना. दुसऱ्यांदा पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास, पुराच्या खुणा ताज्या असताना. तिघं-चौघं पुरेत: एक फोनवर ठिकाणासह फोटो काढणारा, एक वहीत लिहिणारा, एक पाण्यात उतरणारा, आणि जमल्यास गावातला कुणीतरी जुना माणूस. भोई, गुराखी, मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर, धुणं धुवायला येणाऱ्या बायका, यांच्याकडून जे कळतं ते कुठल्याही अहवालात नसतं. विचारायचं एवढंच, ‘पूर्वी मेमध्ये पाणी कुठवर असायचं?’ आणि ‘शेवटचं मरळ किंवा वाम कधी बघितलं?’ उत्तरातलं वर्ष बहुधा लग्न, दुष्काळ किंवा पूर यांच्या हिशेबानं येतं. १९७२ च्या आधी की नंतर, २००५ च्या पुराआधी की नंतर. तसंच लिहून घ्या.

पाण्याच्या दर्जासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रयोगशाळेवर अडून बसायची गरज नाही. वाहत्या भागात गुडघाभर पाण्यात उतरायचं, नारळाएवढा दगड उचलायचा, उलटा करून डोळ्याजवळ धरायचा. दगडाला चिकटलेली चपटी, तीन शेपट्यांची अळी पळाली तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. वाळूच्या कणांची इवलीशी नळी बांधून तीत राहणारी अळी दिसली तरी तसंच. दगडाखाली नुसताच काळा गाळ, कुजल्याचा वास आणि वळवळणाऱ्या लाल अळ्या असतील तर वरून काहीतरी येतंय. एका टप्प्यात असे दहा दगड उलटा आणि परत जागेवर ठेवा. आठवीची मुलं हे आमच्यापेक्षा चांगलं करतात.

प्राणवायू मोजायचं किट मिळालं तर घ्या, पण मोजायची वेळ सांभाळा. बंधाऱ्यात तुंबलेल्या पाण्यात शेवाळ असतं. दुपारी उन्हात ते प्राणवायू सोडतं आणि आकडा छान येतो. रात्रभर तेच शेवाळ तो वापरतं, त्यामुळे खरी परीक्षा पहाटेची. एके ठिकाणी दुपारी दोनला लिटरमागे ८ मिलिग्रॅम आलं म्हणून आम्ही खूश झालो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तिथंच २ आलं. आंघोळीच्या पाण्याला किमान ५ हवं, आणि जैविक प्राणवायूची मागणी (बीओडी), म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खाल्ला जाणारा प्राणवायू, ३ च्या आत.

काठ बघताना तीन गोष्टी सोडू नका. काठाचा पायथा पोखरलाय का. काठावर वाळुंज, शेरणी, करंज यांसारखी मुळं धरून ठेवणारी झाडं-झुडपं उरलीत का, की नुसती बेशरम आणि वेडी बाभूळ. आणि तळात पायरी आहे का.

ही पायरी जरा समजून घ्या, कारण ती ओळखणारे फार थोडे. वाळू उपसली किंवा खोलीकरणाच्या नावाखाली तळ खरवडला की त्या जागी नदीचा तळ खाली जातो. वरच्या बाजूला उंच तळ आणि खोदलेला तळ यांच्यामध्ये गुडघाभर, कधी पुरुषभर पायरी तयार होते. पावसाळ्यात पाणी तिथं कोसळतं, पायरीचा पाया खातं आणि पायरी नदीच्या उलट दिशेनं, म्हणजे वर सरकते. जाता जाता दोन्ही काठ ढासळवते, बंधाऱ्याचा पाया उघडा पाडते, शेजारच्या विहिरींचं पाणी खाली नेते. आज कुणाच्या रानाखाली असलेली ही पायरी चार पावसाळ्यांनी दुसऱ्याच गावात असू शकते. सापडली की तिथं जवळच्या झाडावर पांढऱ्या रंगाची खूण करा आणि तारीख टाका.

दुखणं इथलं की वरचं?

जिथं दिसतं तिथंच बिघाड असेल असं नाही. सांगलीच्या लोकांना शेरी नाला सांगायला नको. कृष्णेच्या पात्रात कितीही गाळ काढा, नाल्यातून शहराचं सांडपाणी येत राहिलं तर पात्र पुन्हा तसंच होणार. म्हणूनच ते पाणी उचलून धुळगावकडे नेण्याची योजना आखली गेली. लहान गावातही हेच प्रमाण. जलपर्णी दिसली की लोक ती काढायला धावतात. ती खत खाऊन वाढते आणि खत येतं गटारातून नि उसाच्या रानातून. गटार तसंच ठेवून जलपर्णी काढायची म्हणजे हरळीचं गवत कापत बसण्यासारखं, कापाल तितकं फुटतं.

आपल्याकडं ‘मळी’ या एका शब्दात नदीची दोन्ही रूपं आहेत. काठाची गाळाची सुपीक जमीन तीही मळी, आणि साखर-मद्यार्काच्या उद्योगातून निघणारा काळा रसही मळीच. उन्हाळ्यात बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, लावलेले असतात, पाणी साचून असतं आणि वरून आलेली घाण तळाशी बसते. पहिल्या वळवाच्या पाण्यानं ती एकदम ढवळली जाते, प्राणवायू काही तासांत संपतो आणि सकाळी मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात. अशा वेळी ‘काल कुणी काय सोडलं’ एवढंच शोधलं तर अर्धंच उत्तर मिळतं. महिनाभर काय साठलं होतं तेही शोधावं लागतं.

प्रत्येक टप्प्यापुढे म्हणून एक ओळ लिहा: कारण इथलंच, वरचं की खालचं. खालचंही असतं, पायरी हे त्याचंच उदाहरण. ज्या टप्प्याचं कारण दुसरीकडं आहे तिथं हात घालायचा नाही, कारण जिथं आहे तिथं घालायचा. माथा ते पायथा, म्हणजे काम वरून खाली करत यायचं, हे पाणलोटवाल्यांचं सूत्र पाण्याच्या आणि गाळाच्या बाबतीत बरोबर आहे. फक्त वाळू उपशाच्या नुकसानीला ते उलटं लागू पडतं.

आता निवाडा

इथं माझं मत लोकांना पटायला वेळ लागतो. सगळ्यात घाण जागा आधी घ्यावी असं सगळ्यांना वाटतं. सरकारी यादीही तशीच असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या प्रदूषित पट्ट्यांना बीओडीवरून पाच प्राधान्यक्रम देतं. ३० च्या वर गेलेला पट्टा पहिला, आणि ३ ते ६ मधला पाचवा. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांचा पैसा कुठं द्यायचा हे ठरवायला ते ठीक आहे. पण तुमच्याकडं दोन-तीन लाख रुपये आणि वीस माणसं असतील, तर त्या यादीच्या वरच्या टोकाला ती कुठल्या कुठं विरून जातील.

आम्ही टप्प्यांचे ढीग करतो. पहिला ढीग अजून चांगल्या असलेल्या टप्प्यांचा: डोह आहे, वाळू आहे, काठाला झाडं आहेत, दगडाखाली अळ्या आहेत. हे टप्पे थोडे असतात आणि फारच दुर्लक्षित, कारण तिथं ‘काही प्रॉब्लेम नाही’. माझ्या मते पहिला पैसा आणि पहिला ग्रामसभेचा ठराव इथं गेला पाहिजे. वाळुंजीचा एक जुना पट्टा वाचवायला जेसीबीवाल्याशी एक बोलणं पुरतं. तोच पट्टा पुन्हा उभा करायला वीस वर्षं. खाली नदी सुधारली की मासे आणि बी येणार तेही याच टप्प्यांतून.

दुसरा ढीग, चांगल्या टप्प्याला लागून असलेले आणि थोडे बिघडलेले. इथं थोड्या कामाचा मोठा पल्ला मिळतो, कारण दुरुस्त झालेला तुकडा चांगल्या तुकड्याला जोडला जातो. तिसरा ढीग, स्वतः बिघडलेच आहेत आणि बिघाड दुसऱ्यांकडे पाठवतायत: वर सरकणारी पायरी, मोठा सांडपाण्याचा नाला. हे टप्पे चांगल्या टप्प्यापर्यंत पोचायच्या बेतात असतील तर त्यांना रांग मोडून पुढं घ्या. चौथा ढीग, पूर्ण बिघडलेले पण स्थिर झालेले. काँक्रीटच्या भिंतीतला गावाजवळचा तुकडा, मुरूम उघडा पडून कडक झालेला तळ. ते शेवटी. मन घट्ट करून शेवटी.

जागेची ऐपत आणि आपली ऐपत

यादी झाली की वरच्या पाच-सहा जागांना काही रोखठोक प्रश्न विचारायचे. जमीन कुणाची? पात्र सरकारचं, पण काठावरची दहा मीटर पट्टी बहुधा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असते, आणि तो शेतकरी दोन सऱ्या सोडायला तयार नसेल तर झाडं लावू नका, तो ती पुढच्या वर्षी उपटणार. परवानगी कुणाची? वाळूचा विषय तहसीलदारांकडं, बंधाऱ्याचा जलसंपदा किंवा मृद व जलसंधारण खात्याकडं, नाल्याचा नगरपालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. पुरात ते काम टिकेल का? निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बाक, पेव्हर, पुतळा असलं काही करण्यावर खर्च करू नका, मग देणगीदार कितीही आग्रह करो.

आणि माणसं. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीच्या साथीनं येरळेवर बळीराजा धरण उभं केलं. ठेकेदारांना पात्र लुटू न देता, स्वतः मर्यादित वाळू विकून त्यातून पैसा उभारला आणि पाणी समान वाटायचं ठरवलं. तांत्रिक दृष्टीनं त्याहून सोयीची जागा नदीवर दुसरीकडे असेलही. पण तिथं माणसं ठाम होती. म्हणून जागांना गुण देताना आम्ही नदीच्या प्रकृतीला जितके देतो, तितकेच ‘गाव मागे उभं राहील का’ याला देतो.

एक निवाडा प्रत्यक्षात

तासगाव तालुक्यातला येरळेला मिळणारा एक ओढा. नाव मुद्दाम सांगत नाही, वाळूवाल्यांचं लक्ष जायला नको. आमच्यापुढे तीन जागा होत्या. गावठाणाशेजारचा अर्धा किलोमीटर, प्लास्टिक, जलपर्णी, गटाराचं पाणी. सगळ्या गावाला हीच हवी होती. त्याच्या दोन किलोमीटर वर एक डोह, करंजीची दाट सावली, मेमध्ये कमरेइतकं पाणी आणि खंड्याची बिळं असलेला काठ. कुणाचीच तक्रार नाही. आणि या दोहोंच्या मधे, डोहापासून चारशे मीटर खाली, वाळू उपशामुळे झालेली पायरी, छातीएवढी.

सरपंचांना मी पायरीपाशी नेलं तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, इथं तर कुणी येतच नाही. इथं काम केलं तर दिसणार कुणाला?’ मी आधीच्या ऑक्टोबरला बाभळीवर मारलेली पांढरी खूण दाखवली. त्या खुणेपासून पायरी टेपनं सत्तावीस मीटर वर गेली होती, एका पावसाळ्यात. चारशे भागिले सत्तावीस हा हिशेब त्यांनी स्वतःच मनात केला. साधारण पंधरा वर्षं, आणि मोठा पाऊस आला तर त्याहून कमी.

पैसे एका कामापुरते होते. पायरीला आम्ही मोठ्या अनगड दगडांचा उतार दिला, म्हणजे पाणी कोसळायच्या ऐवजी दगडांवरून घरंगळत जाईल. दगड हाताएवढे नव्हे, दोघांना न उचलता येणारे, खाली बारीक खडीचा थर, दोन्ही काठांत दीड-दीड मीटर आत रोवलेले. डोहाभोवती काहीच केलं नाही, फक्त वाळू आणि माती न उचलण्याचा ग्रामसभेचा ठराव आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांशी बोलणं. गावठाणाच्या तुकड्यात सफाई केली नाही, पण गटाराला ओढ्यात पडायच्या आधी शोषखड्डा घ्या म्हणून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात काम घातलं. ते अजून व्हायचंय.

पहिल्या पावसाळ्यात उताराचे चार-पाच दगड हलले, ते पुन्हा बसवावे लागले. खर्चात ही डागडुजी आधीच धरायला हवी होती, आम्ही धरली नव्हती. तुम्ही एकूण रकमेचा पाचवा हिस्सा पहिल्या दोन पावसाळ्यांसाठी बाजूला ठेवा. आणि काम सुरू करायच्या आधी पात्राच्या आरपार तीन ठिकाणी दोरी ताणून तळाची खोली दर अर्ध्या मीटरवर लिहून ठेवा, दोन्ही टोकांना लोखंडी खुंटी ठोकून. वर्षानं तीच दोरी त्याच खुंट्यांना बांधायची.

या मेमध्ये आम्ही ती बांधली. पायरी बाभळीपासून सत्तावीस मीटरवरच आहे. डोहात पाणी मांडीपर्यंत होतं, पण परवाच आवर्तन येऊन गेलं होतं, म्हणून वहीत ती नोंद कंसात टाकलीय. दहा दगड उलटले, सहाखाली तीन शेपट्यांची अळी मिळाली. सरपंच सोबत होते. परतताना गावठाणाजवळ थांबून त्यांनी जलपर्णीकडं बोट दाखवलं आणि विचारलं, ‘आणि हे?’ मी त्यांना शोषखड्ड्याची फाईल कुठवर आली ते विचारलं.